नाव घेऊन मारलेली हाक

मयताच्या अंघोळीचे माझे दोन तांबे आहेत. सासूनं दिलेले, आतून कल्हईचे. त्यातला एक आठ वर्षं माझ्याकडे नव्हता. हुरिये घेऊन गेली होती, तोही पाण्यानं भरलेला, आणि मी तिला एकदाही परत दे म्हटलं नाही. आमच्या खोऱ्यात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण त्या तांब्याचा विषय निघाला की माझीच बोलती बंद व्हायची. का, ते सांगते.

मी शेरिफे. खोऱ्यातल्या बायकांची मयतं मी धुते. हे काम कुणी हौसेनं घेत नाही, सासूकडून सुनेकडे येतं, भांड्यांबरोबर. अंघोळ संपत आली की मी दार उघडते आणि घरच्या, शेजारच्या बायकांना एकेक करून आत घेते. प्रत्येकीनं एक तांब्या पाणी मयताच्या पायांवर ओतायचं आणि म्हणायचं, 'तुझ्यावरचा माझा हक्क सोडला.' जे काही राहून गेलं असेल, टोचून बोललेलं, परत न केलेलं, सगळं त्या पाण्याबरोबर जातं. पुरुषांचं सोपं असतं. त्यांना इमाम मशिदीच्या अंगणात तीनदा विचारतो, हक्क सोडलात का, आणि ते तीनदा 'सोडला' म्हणून मोकळे होतात. निम्म्यांचं लक्ष जेवणाच्या पातेल्याकडे असतं. बायकांना समोर तोंड बघून म्हणावं लागतं. तरी म्हणतात. सासूनं जन्मभर कुटलेल्या सुनासुद्धा ओततात. गेलेल्या माणसाला दारात अडवून ठेवायचं नसतं, उद्या आपल्यालाही जायचंय.

गुलसुम गेली तेव्हा नऊ जणींनी पाणी ओतलं. दहावी हुरिये आत आली. बाहेरच्या बायका माना लांब करून बघायला लागल्या, कारण गुलसुम हुरियेची थोरली जाऊ होती आणि चाळीस वर्षांत हुरियेनं तिच्या अंगणात पाऊल टाकलेलं नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, आली बाई, मिटलं एकदाचं. तांब्या भरून मी तिच्या हातात दिला.

ती गुलसुमच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"ओत," मी म्हटलं. "हात भरून येतील."

"शेरिफे, हिचं तोंड उघडं का आहे?"

"बांधते मी. तू ओत."

ती ओतेना. मग वळली आणि तांब्या दोन्ही हातांत धरून दारातून बाहेर पडली. अंगणातल्या बायकांमधून गेली, ओढ्याची वाट उतरली, पूल ओलांडून आपल्या उताराला लागली. वरून आम्हाला दिसत होतं. एक थेंब सांडला नाही तिनं. गुलसुमची सून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बघतेस काय, कापूर आण."

या दोघींमध्ये काय होतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सगळ्यांना ठाऊक असलेलं निराळं आणि खरं निराळं.

आमचं खोरं म्हणजे समोरासमोर दोन उतार आणि मध्ये ओढा. या घरातून त्या घरात जायचं तर खाली उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा, दीड तास. म्हणून आम्ही शिट्टीनं बोलतो. खुणा नव्हेत, बोलणंच. 'मीठ संपलं', 'गाय व्यायली', 'तुझा नवरा खाली पत्ते कुटतोय', सगळं शिट्टीत सांगता येतं. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं, मग विचारायचं, आहेस का? समोरच्यानं म्हणायचं, आहे, बोल. मग निरोप. आता शिट्टी काही एकाच्याच कानात शिरत नाही, ती अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाते. म्हणून रीत अशी, की ज्याचं नाव घेतलं त्यानंच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि न ऐकल्यासारखं करायचं. मध्ये तोंड घालणारा तो चोंबडा. मी सात वर्षांची असताना शेजारणीच्या हाकेला मीच उत्तर दिलं, तर आईनं लाकडी डाव फेकून मारला होता. कपाळावर खूण आहे अजून.

हुरिये लग्न होऊन आली ती पलीकडच्या उतारावरच्या घरात. तिच्यासारखी शिट्टी बाईची सोडा, पुरुषाचीही नव्हती. वरातीत तिच्या चुलतसासऱ्यानं काहीतरी पाचकळ बोलल्यावर तिनं घुंगटातूनच शिट्टीत त्याला म्हातारा बोकड म्हटलं, आणि समोरच्या उतारावरून लोक हसलेले ऐकू आले. जिभेला हाड नव्हतं, पण मन मोकळं. तिचा नवरा इद्रिस जहाजावर असायचा, आठ-आठ महिने. सहा वर्षं पाळणा हलला नाही, आणि मग एल्मास झाली. एकुलती एक. चार वर्षांची होईपर्यंत ती पोरगी जमिनीवर कमी आणि आईच्या कमरेवर जास्त असायची.

गुलसुमचं घर अलीकडच्या उतारावर, रस्त्याच्या बाजूला. तिथंच रहाट होता. ओढ्यावरून एक लोखंडी तार टाकलेली, तिला लाकडी पाळणा टांगलेला, आणि रहाट फिरवला की पाळणा या काठावरून त्या काठावर जायचा. हेझलनटची पोती, चारा, आणि अडीनडीला माणूसही त्यातून यायचं. रहाट गुलसुमच्या ताब्यात. फिरवता कुणालाही आला असता, पण तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचं नाही.

भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटते. हुरियेची गाय पूल ओलांडून गुलसुमच्या काळ्या कोबीत शिरली. गुलसुम म्हणाली, माणसालाच वळण नाही तर गुराला कुठून असणार. ते हुरियेच्या कानावर गेलं. तिनं अंगणात उभं राहून शिट्टी घातली, 'जाऊबाई, कोबीला चव नव्हती म्हणून गाय अर्ध्यातूनच परत आली.' आठवडाभर खोरं हसत होतं. गुलसुमनं शपथ घेतली, ती चुकलं म्हणेपर्यंत बोलणार नाही. हुरिये म्हणाली, बोलायचं असेल तर आधी ती बोलेल. तीन आठवडे असेच गेले.

मग मार्च लागला. वरचं बर्फ वितळलं, ओढा फुगला आणि पूल वाहून गेला. आणि पलीकडे एल्मासला घटसर्प झाला.

पहाटे पहिली हाक आली. 'गुलसुम, आहेस का? पाळणा पाठव. पोरीला श्वास घेता येईना.'

मी तेव्हा चोवीस वर्षांची. गुलसुमच्या घराच्या वर, हेझलच्या झाडीत, सरपण तोडत होते. तिथून रहाट पाव तासावर. खाली गुलसुमच्या धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे ती उठलेली होती. मी म्हटलं, आता जाईल. कोयता चालूच ठेवला. पुन्हा हाक आली. पुन्हा आली. सातपर्यंत मोजल्या, मग मोजायच्या सोडल्या. माझ्या मनात काय होतं तेही सांगते, आता लपवून कुणाला दाखवायचंय. मी म्हटलं, जावा-जावांचं आहे, या निमित्तानं गुलसुम जाईल आणि मिटेल. मी मध्ये गेले तर दोघीही म्हणतील, हिला कुणी बोलावलं होतं? हाकेत माझं नाव नव्हतं. ऊन वर आलं तरी हाका येतच होत्या आणि मी मोळी बांधत होते. आजही मोळी बांधताना माझे हात थांबतात.

दुपारच्या अजानच्या जरा आधी रहाट कुरकुरला. गुलसुमनंच फिरवला. हुरिये पोरीला छातीशी धरून पाळण्यातून अलीकडे आली, कुणाची तरी जीप मिळाली, आणि गिरणीच्या वळणावर एल्मास गेली. डॉक्टर म्हणाला, दोन तास आधी आणली असती तर नळी घालून वाचवली असती. तो बोलून गेला. डॉक्टरांना काय, बोलून जातात.

जीप परत आली तेव्हा गुलसुम रस्त्यावर उभी होती. हुरिये तिला म्हणाली, "माझा हक्क मी या जगात सोडणार नाही आणि त्या जगातही नाही." एवढंच बोलली. ओरडली नाही, रडलीही नाही. एल्मासला माझ्या सासूनं धुतलं आणि पाणी मी ओतलं. माझं पहिलं मयत ते. लेकराकडून काही सोडवून घ्यायचं नसतं, म्हणून खोलीत कुणी काही बोललं नाही.

मी वरच्या झाडीत होते हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्यानंतरची चाळीस वर्षं म्हणजे समोरासमोर दोन घरं. हुरियेनं गुलसुमच्या बाजूची खिडकी खिळे ठोकून बंद केली. बाजाराला जायचं तर गुलसुमच्या दारावरून वाट, म्हणून ती वरच्या जंगलातून वळसा घालून जायची, पाठीवर टोपली घेऊन, बर्फातसुद्धा. तिला पुन्हा मूल झालं नाही. इद्रिस जहाज सोडून घरी बसला आणि दहा-बारा वर्षांनी गेला. बाकी बाई पूर्वीसारखीच होती, कुणाच्याही गायीच्या बाळंतपणाला रात्री-बेरात्री धावणारी, पोरींना शिट्टी शिकवणारी, शिकवताना शिव्या देणारी. एक मात्र नवीन झालं. कुणीही तिचं नाव घेऊन हाक मारली की ती हातातलं टाकून पळायची. चुलीवरची भाकरी करपू दे, दूध उतू जाऊ दे, ती अंगणात पोचून म्हणायची, आहे, बोल. दुसरी हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. टवाळ पोरं तिला उगीच हाक मारायची आणि ती धावत आली की हसायची. ती त्यांनाही उत्तर द्यायची.

फक्त गुलसुमला नाही. गुलसुम दर ईदला, वर्षातून दोनदा, नमाज झाला की अंगणात येऊन शिट्टी घालायची, 'हुरिये, आहेस का?' खोरं श्वास धरून बसायचं. खाली चहाच्या दुकानात पेले टेबलावर टेकायचे. पलीकडून काही यायचं नाही. मग कुणीतरी खाकरायचं आणि ईद पुढे चालू व्हायची. पुढे गुलसुमचा समोरचा दात पडला आणि तिच्या शिट्टीचं शेवटचं टोक खाली घसरायला लागलं. हजारांत ओळखू यावी अशी शिट्टी. ऐंशी वेळा ती हाक मारली तिनं.

मग गुलसुमला काविळीनं धरलं. तिनं मला बोलावून घेतलं. मी धुणारी ना, मरणारे माझ्याशी मोकळं बोलतात, उद्या हिच्याच हाती जायचंय म्हणून.

"शेरिफे, तिला एक निरोप दे," गुलसुम म्हणाली.

"काय सांगू?"

"सांग, मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. चुलीवर भाकरी होती. म्हटलं, अजून एकदा मारू दे. दुसरी आली, म्हटलं, अजून एकदा. मला वाटलं आता ती चुकलं म्हणेल. पोरीचं आजारपण मला खरंच वाटलं नाही गं. वाटलं, मला नमवायला पोरीचं निमित्त करतेय." थोडा वेळ ती धापा टाकत राहिली. "तिला म्हणावं, तू हक्क सोडलास तर मी जाईन. नाहीतर मला जाता येणार नाही."

मी दीड तास चालून गेले. हुरिये उंबऱ्यात बसून घेवडा सोलत होती. मी शब्दन् शब्द सांगितला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"त्यात नवीन काय? तिच्या धुराड्याचा धूर मला दिसत होता."

"मरतेय ती, हुरिये."

"मरू दे. सगळेच मरतात. कुणी कुणी चार वर्षांचेच मरतात."

त्या वेळी मी तिच्यासमोर बसून घेवडा सोलू लागले. माझं सांगायची तीच वेळ होती. तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, घेवडा चांगला भरलाय यंदा.

त्यानंतर सहाव्या दिवशी गुलसुम गेली आणि तांब्याचं ते झालं.

चाळीस दिवस होऊन गेले असतील. भर दुपारी हुरिये माझ्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"शेरिफे, खरं सांग. तिचं तोंड बांधलं होतंस ना?"

"बांधलं होतं. का?"

"हाक मारतेय ती."

रोज, तिसऱ्या, म्हणजे दुपार कलतानाच्या अजाननंतर, ती म्हणाली. समोरून. शेवटचं टोक घसरणारी शिट्टी. बाकी काही नाही, फक्त 'हुरिये, आहेस का?' मी म्हटलं, अगं, पाखरू असेल. ती म्हणाली, "पाखराला माझं नाव कुणी सांगितलं?"

आमचा इमाम बाहेरगावचा, कोवळा पोरगा, शिट्टीतलं ओ की ठो कळत नाही. मी हुरियेला त्याच्याकडे नेलं. तो म्हणाला, "आजी, मेलेली माणसं शिट्ट्या वाजवत नाहीत. मनातून हक्क सोडा, आवाज थांबेल."

"बाळा, मनातून सुटला असता तर तुझ्याकडे कशाला आले असते?" हुरिये म्हणाली. त्यानं बिचाऱ्यानं चहा मागवला.

हुरियेनं मग खिडकीचे खिळे काढले. चाळीस वर्षांनी ती खिडकी उघडली, आणि दर दुपारी ती तिच्यासमोर बसायला लागली. माझा तांब्या खिडकीच्या फळीवर, वर ताटली झाकलेली. पाणी आटलं की भरायची. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "ओतायचं की नाही ते ठरलं नाही अजून." आठ वर्षं ठरलं नाही. जेवण तुटलं, अंगावर मांस राहिलं नाही, दात पडले. पुतण्यानं शहरातून कवळी करून आणली, ती डब्यात पडून राहिली. खोऱ्यातली सगळ्यात चांगली शिट्टी, आणि आता तोंडातून नुसतं वारं निघायचं. तोवर घरोघरी मोबाईल आले होते. खोऱ्यात शिट्ट्या कमी ऐकू यायला लागल्या, त्यामुळे दुपारी फार शांत असायचं.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. अजान झाली. तिनं मान वर केली, आणि तिचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला. मी काय ऐकलं, असं विचारू नका. मी म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही."

"तुला कशी येईल?" ती म्हणाली. "तुझं नाव कुठं घेतलंय तिनं?"

त्या दिवशी मी घरी कशी पोचले मला ठाऊक नाही. तापानं तीन दिवस पडून होते.

गेल्या शरदात, हेझलची तोडणी संपल्यावर, हुरियेनं अंथरूण धरलं. डॉक्टर नको म्हणाली. आमच्या रीतीप्रमाणे लोक येऊन जाऊ लागले. येणारा म्हणायचा, हक्क सोड. ती म्हणायची, सोडला, तूही सोड. टवाळ पोरं आता मिशांना कलप लावणारे बाप्ये झाली होती, तीही येऊन गेली. "तुम्हाला तर धावूनच सोडलाय मी," ती त्यांना म्हणाली, आणि ते मान खाली घालून बसले. सगळ्यांना सोडला तिनं. मी सगळ्यात शेवटी गेले, तीही सगळे गेल्यावर.

"हुरिये, मला एक सांगायचंय."

"सांग की. मी कुठं निघालेय?"

"त्या दिवशी मी वरच्या झाडीत होते. सरपण तोडत. सगळ्या हाका ऐकल्या मी. रहाट पाव तासावर होता." मी तिची गोधडी सारखी केली. "मला वाटलं, गुलसुम जाईल."

ती छताकडे बघत होती. "तुझं नाव नव्हतं हाकेत."

"नव्हतं."

"घेतलं असतं तर आली असतीस?"

"धावत आले असते. वाटेत चपला टाकून."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दिसत होतीस तू. डोक्याला लाल रुमाल होता."

अठ्ठेचाळीस वर्षं मी जे पोटात दाबून ठेवलं होतं ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं माझ्या घरचं खाल्लं, मला तिच्या घरचं खाऊ घातलं, आणि बोलली नाही.

"मग मला का नाही हाक मारलीस?" मी विचारलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. "एकदा शेरिफे म्हटलं असतंस. एकदा."

"ओठावर आलं होतं तुझं नाव. दोनदा आलं." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं बोलावं तसा. "पण मला तीच यायला हवी होती. तिनंच रहाट फिरवायचा, माझ्यासाठी, आणि खोऱ्यानं बघायचं. तू आली असतीस तर ती जिंकली असती. एल्मास मांडीवर होती, ओठ निळे पडले होते, आणि मी गुलसुम, गुलसुम करत राहिले. दुपारपर्यंत." मग ती माझ्याकडे वळली. "आता कळलं? तिच्यावरचा हक्क सोडला असता, तर दोष कुठं ठेवणार होते मी?"

मी तिचा हात धरला. हाडंच होती हातात. त्या खोलीत आम्ही दोघी म्हाताऱ्या, आणि मधे ती चार वर्षांची पोरगी, असं मला वाटलं. मला रडू आलं. तिला नाही आलं.

तिसरी अजान झाली. हुरियेनं बोट वर केलं.

"आली," ती म्हणाली. "माझ्या तोंडात दात नाहीत, शेरिफे. तू उत्तर दे. माझ्या नावानं."

"दुसऱ्याच्या हाकेला?"

"दे गं. तुझी आई काही डाव घेऊन येत नाही आता."

मी ओट्यावर गेले. बोटं तोंडात घातली. बहात्तर वर्षांच्या छातीत किती वारं असणार, पण आलं. 'गुलसुम, हुरिये आहे. बोल.' शिट्टी ओढ्यावरून गेली, समोरच्या उतारावर आपटली आणि परत आली. खाली कुणाचं तरी लाकूड कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद पडलं. जुन्या माणसांना सगळ्यांना कळलं असणार, कुणी कुणाला हाक मारली ते. रीतीप्रमाणे कुणी मध्ये तोंड घातलं नाही. मी उभी राहिले. ओढ्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"काय म्हणाली?" आतून हुरियेनं विचारलं.

मयताशी मी कधी खोटं बोलले नाही. जिवंतांशी बरंच बोललेय. मी आत गेले आणि म्हटलं, "म्हणाली, पाळणा पाठवते."

हुरिये डोळे मिटून पडली होती.

"उशीर केला तिनं," ती म्हणाली.

मग तिनं खिडकीकडे हात केला. "तुझा तांब्या घेऊन जा. पाणी सांडू नकोस वाटेत."

"कुठं ओतू?"

"एवढी मयतं धुतलीस आणि मला विचारतेस? पायांशी."

सोडला, हा शब्द तिनं उच्चारला नाही. मी तांब्या दोन्ही हातांत धरून उतरले, पूल ओलांडला, गुलसुमच्या कबरीशी गेले आणि पायांशी ओतलं. मीही तिच्या वतीनं शब्द म्हटला नाही. तो तिनंच म्हणायचा होता. माती लगेच पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हुरिये गेली. मीच धुतलं तिला, दोन्ही तांब्यांनी. बायका एकेक करून आल्या, ओतून गेल्या. सगळ्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि शेवटचं पाणी ओतलं. म्हटलं, माझा सोडला, हुरिये. आणि माझ्यावरचा तुझा? अख्ख्या खोऱ्याला तिनं सोडला म्हटलं होतं. मला म्हणायचं राहिलं. त्या हाकेच्या गडबडीत राहिलं, की तिनं मुद्दाम ठेवलं, ते मला आता कुणाला विचारता येणार नाही. तिचं तोंड मी नीट बांधलं. दोनदा बांधलं.

आता तिसरी अजान झाली की मी हातातलं टाकून अंगणात येते. मोबाईल घरात ठेवते. सून विचारते, कुणाची वाट बघता? मी म्हणते, कुणाची नाही. खाली गुलसुमच्या घराला कुलूप आहे, तिची सून-मुलगा शहरात गेलेत, आणि समोर हुरियेच्याही. अजून तरी माझं नाव कुणी घेतलेलं नाही.